चुनखडी कशी घडते ? — सूक्ष्म जंतु, त्यांचें अन्न आणि आपली जमीन

जुन्नर व आंबेगांव या दोन तालुक्यांच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या लगत, तांबडी व धुवट जमीन आहे. तेथून पूर्वेस उतरत गेलें म्हणजे काळी व मळईची जमीन लागते, आणि तिच्याबरोबर चुनखडीहि दिसूं लागते. विहीर खणतांना, पाइपासाठीं चर काढतांना किंवा ओढ्याच्या तुटलेल्या दरडींत पांढरे, खडबडीत चुनखडे सांपडतात. कांहीं हरभऱ्याएवढे, कांहीं आवळ्याएवढे. ते पूर्वींचे लोक भाजून त्यांचा चुना करीत व त्यानेंच वाड्यांच्या भिंती बांधीत. आज चुन्याच्या भट्ट्या दिसेनाशा झाल्या, परंतु जमिनींतील चुनखडी तेथेंच आहे. ती आली कोठून, ती अजूनहि घडत आहे काय, आणि आपण शेतांत जें खत घालतों त्याचा तिच्याशीं कांहीं संबंध पोहोंचतो काय, या तीन प्रश्नांचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विचार केवळ जिज्ञासेचा नाहीं. मुंबई इलाख्यांतील जमिनीच्या प्रतबंदीचे नियम गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ सालच्या संयुक्त अहवालांत घालून दिले गेले. त्यांत जमिनीचा रंग व खोली पाहून प्रत ठरवीत, आणि मग दोष पाहून ती उतरवीत. बारीक चुनखडीची भेसळ हा त्या दोषांपैकीं एक असून, प्रत्येक दोषाबद्दल जमीन एक प्रत खालीं येई. म्हणजे चुनखडीनें उत्पन्न घटतें हें त्या काळीं कारकुनाच्या वहींतहि लिहिलेलें होतें. कारण मात्र वहींत लिहिलेलें नव्हतें. तें पुढें समुद्राच्या पाण्यांत शोधतां शोधतां पुष्कळसें उलगडलें.

चुना येतो कोठून

आपला काळा पाषाण ज्वालामुखीच्या रसाचा झालेला आहे. त्यांत चुन्याचा अंश शेंकडा दहाच्या सुमारास असतो. पावसाचें पाणी मातींतून जातांना मुळांनीं व जंतूंनीं सोडलेला कर्बाम्ल वायु आपल्यांत घेतें, त्यामुळें किंचित् आंबट होतें, आणि खडकांतील चुना विरघळवून नेतें. पाण्यांत विरघळलेल्या या चुन्यास बायकार्बोनेट म्हणतात. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी ज्यास आपण 'जड पाणी' म्हणतों, तें यामुळेंच जड असतें.

भीमाशंकर व नाणेघाटाच्या बाजूस पाऊस इतका पडतो कीं विरघळलेला चुना ओढ्यानाल्यांतून वाहून जातो. कुकडी, मीना, पुष्पावती व घोड या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत पाऊस कमी व ऊन अधिक. तेथें पाणी सुकतें व चुना मागें राहतो. बोरी बुद्रुक येथें कुकडीच्या कांठीं जुन्या गाळांत ज्वालामुखीच्या राखेचा थर व अश्मयुगीन दगडी हत्यारें मिळालीं, म्हणून तें ठिकाण विद्वानांत प्रसिद्ध आहे. आपल्या नदीकांठची मळई किती पुरातन आहे याची त्यावरून कल्पना येईल. इतक्या दीर्घ काळांत थेंबाथेंबानें चुना सांचत गेला.

पाणी सुकलें म्हणजे चुना बसतो, एवढें सांगितल्यानें गोष्ट पुरी होत नाहीं. पाण्यांतील कर्बाम्ल वायु उडाला अथवा पाण्याचा आंबटपणा कमी झाला, तर पाणी न सुकतांहि चुना खालीं बसतो. आंबटपणा कमी करण्याचें काम मातींतील व पाण्यांतील सूक्ष्म जंतु करूं शकतात. येथें समुद्राची हकीकत उपयोगी पडते.

समुद्रांतील शोध

उष्ण कटिबंधांतील उथळ समुद्रांच्या तळाशीं पांढऱ्या चुन्याचा मऊ चिखल आढळतो. तो शंखशिंपल्यांचा चुरा आहे, कीं पाण्यांतून आपोआप बसलेला आहे, हा जुना वाद होता. ड्र्यू नांवाच्या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानें १९११ व १९१२ सालीं फ्लोरिडाजवळील टोर्टुगास बेटें व बहामा बेटें येथील पाणी तपासलें. त्यांत त्यास असे जंतु मिळाले कीं जे नायट्रेटांतील प्राणवायु काढून घेऊन आपली उपजीविका करतात. अन्न घातलेल्या समुद्राच्या पाण्यांत हे जंतु वाढविले असतां चुन्याचे सूक्ष्म कण खालीं बसले. त्यानें त्या जंतूस 'चुन्याचा जंतु' अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्याचा निबंध १९१४ मध्यें प्रसिद्ध झाला. तो स्वतः त्यापूर्वींच वारला होता.

पुढें १९२४ सालीं लिपमन या अमेरिकन शास्त्रज्ञानें त्यावर आक्षेप घेतला. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, ड्र्यूनें जंतूंस पोसण्यासाठीं पाण्यांत जें अन्न घातलें तितकें अन्न खऱ्या समुद्रांत मिळत नाहीं, आणि उघड्या समुद्रांत जंतूंची संख्याहि अल्प असते. सबब बरणींत जें घडलें तें समुद्रांत तसेंच घडतें असें मानूं नये. १९३२ मध्यें बाव्हेनडाम या जर्मन शास्त्रज्ञाचें काम प्रसिद्ध झालें. त्यानें दाखविलें कीं त्याच बहामा बेटांत खारफुटीच्या दलदलींत, जेथें पालापाचोळा कुजतो, तेथें असे जंतु विपुल आहेत.

या वादांतून जें तत्त्व निष्पन्न झालें तें शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. चुना बसविण्याचा गुण एखाद्याच दुर्मिळ जंतूचा नव्हे. १९७३ सालीं स्पेनमधील तीन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं मातींतील बहुतेक सामान्य जंतु योग्य अन्नावर वाढविले असतां चुन्याचे स्फटिक करतात. म्हणजे जंतु कोणता, यापेक्षां त्याला खायला काय व किती मिळालें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडेहि ही क्रिया परकी नाहीं. अरबी समुद्रांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या दिवसांत खोल पाणी वर येतें व त्याबरोबर नायट्रेट व स्फुरद वर येतात. त्यावर वाढलेलें सूक्ष्म शेवाळ मरून खालीं जातां जातां कुजतें आणि मधल्या पाण्यांतील प्राणवायु संपवितें. तेथें जंतु नायट्रेटांतील प्राणवायूवर जगतात. ड्र्यूनें तपासलेली हीच क्रिया. गोव्यांत दोना पावला येथें असलेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ सालीं स्थापन झाली, तिच्या शास्त्रज्ञांनीं या प्राणवायुहीन पाण्याचा पुष्कळ अभ्यास केला आहे.

अन्न आणि स्फटिक : चार नियम

पहिला नियम. नुसते जंतु असून चालत नाहीं. उपाशी जंतु स्वस्थ पडून राहतो. त्यास अन्न मिळालें म्हणजेच तो पाण्याचा गुण पालटतो. हॉलंडांत डेल्फ्ट येथें योंकर्स या शास्त्रज्ञानें सिमेंटच्या भेगा बुजविणारे जंतु काँक्रिटांत मिसळण्याची रीत काढली. त्यांतहि जंतूंबरोबर त्यांचें चुनायुक्त अन्न घालावें लागतें.

दुसरा नियम. अन्न कोणत्या जातीचें, यावर परिणाम उलटसुलट होतो. युरिया किंवा नत्रयुक्त सेंद्रिय पदार्थ खाल्ला तर अमोनिया सुटतो, पाणी अल्कधर्मी होतें व चुना बसतो. नायट्रेटांतील प्राणवायु वापरला तरीहि पाणी अल्कधर्मीच होतें. उलट साखर, काडीकचरा यांसारखें कर्बयुक्त अन्न खाऊन जंतूंनीं आम्ल व कर्बाम्ल वायु सोडला, तर बसलेला चुनाहि पुनः विरघळतो. एकाच जंतूकडून दोन्ही कामें होऊं शकतात.

तिसरा नियम. स्फुरद असेल तर चुन्याच्या स्फटिकाची वाढ खुंटते. स्फुरदाचे कण स्फटिकाच्या अंगास चिकटून पुढील थर बसूं देत नाहींत. स्फुरद फार झाला तर चुना त्याच्याशींच जोडला जातो व कॅल्शियम फॉस्फेट बनतें. आपण घातलेलें सुपर फॉस्फेट चुनखडीच्या जमिनींत पिकास न लागतां अडकून पडतें तें याच कारणानें. अमोनिया, स्फुरद व मॅग्नेशियम हीं तिन्ही एकत्र आलीं म्हणजे स्ट्रुव्हाइट नांवाचा निराळाच खडा घडतो. मनुष्याच्या मूतखड्याचा एक प्रकार हाच असून, लघवींतील युरिया फोडणारे जंतु तो घडवितात.

चौथा नियम. जागा पाहिजे. जंतूच्या अंगावरील बुळबुळीत आवरणास चुन्याचे कण धरून ठेवण्याचा गुण आहे. अन्न भरपूर झालें कीं हें आवरण वाढतें, व त्यावर स्फटिकाचें बीं धरतें.

आपल्या शेतांत तीच क्रिया

आतां हे नियम जमिनीस लावून पाहूं. युरिया मातींत पडला कीं जंतूंचें युरिएज नांवाचें किण्व त्याचें थोड्याच दिवसांत अमोनिया व कार्बोनेट करतें. दाण्याच्या भोंवतालची माती तेवढ्या वेळापुरती अल्कधर्मी होते व तेथें चुना बसण्यास अनुकूल स्थिति येते. यावरून 'युरियानें चुनखडी वाढते' असें कोणी म्हटलें तर तें अर्धेंच सत्य होय. कारण पुढें दुसऱ्या जातीचे जंतु त्या अमोनियाचें नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेंत आम्ल निर्माण होऊन चुना विरघळतो. पहिली पायरी चुना बसविते, दुसरी तो विरघळविते.

परंतु दुसरी पायरी घडण्यास हवा, ओल व वेळ लागतो. जेथें या तिहींपैकीं एक नाहीं, तेथें पहिलीच पायरी शिल्लक राहते. युरिया कोरड्या जमिनीवर उघडा टाकला तर अमोनिया उडून जातो, आम्ल होण्याचें राहूनच जातें व पैसा वाऱ्यावर जातो. चुनखडीच्या जमिनींत अमोनियम सल्फेटाचेंहि असेंच नुकसान होतें. म्हणून कोणतेंहि अमोनियाचें खत मातीआड करावें व लागलीच हलकें पाणी द्यावें.

शेणखत, ताग व धैंचा यांचा मार्ग निराळा. ते कुजतांना कर्बाम्ल वायु व सौम्य आम्लें सुटतात, चुना थोडाथोडा विरघळतो व निचरा चांगला असेल तर खालीं उतरतो. निचरा नसेल तर तेंच पाणी बायकार्बोनेटानें भरून मुळांभोंवतीं तुंबतें, आणि दुसरें दुखणें उभें राहतें. त्याचें नांव केवडा.

केवडा कां पडतो

नारायणगांवच्या बाजूचे द्राक्षबागाइतदार केवडा ओळखतात. कोंवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. हें लोहाच्या कमतरतेचें लक्षण आहे. चमत्कार असा कीं जमिनींत लोह पुष्कळ असतें. आपला काळा पाषाण लोहानें भरलेला आहे. परंतु चुनखडीच्या जमिनींत लोह विरघळत नाहीं, आणि बायकार्बोनेट पिकास तें पोटांत वापरूं देत नाहीं. म्हणून जड पाण्याचा भडिमार केला, किंवा पावसानंतर वाफ्यांत पाणी सांचलें, कीं केवडा अधिक दिसतो. अशा वेळीं खत आणखी ओतणें म्हणजे ताप आलेल्यास जेवावयास घालण्यासारखें आहे. आधीं पाणी आवरावें, चर मोकळा करावा, मातीस हवा द्यावी. पानांवर हिराकसाचा अर्धा टक्क्याचा फवारा तात्पुरता उपयोगी पडतो. तो दाट करूं नये, पानें करपतात.

ठिबकाच्या नळ्या

माणिकडोह, येडगांव, वडज व डिंभे या धरणांनीं या दोन तालुक्यांची शेती पालटली. आणि जेथें विहिरीबोअरचें पाणी वापरतात तेथें ठिबकानें पाण्याची बचत केली. या ठिबकाच्या नळींत समुद्रांतील बरणीचा प्रयोग रोज चाललेला असतो. जड पाणी आहे, ऊन लागून नळी तापलेली आहे, आंत जंतूंचा बुळबुळीत थर आहे, आणि आपण तींत युरिया व इतर विद्राव्य खतें सोडतों. खत सोडून लगेच मोटर बंद केली, तर तें अन्न रात्रभर नळींतच राहतें. तेथें हवा थोडी व वेळहि थोडा, म्हणून वर सांगितलेली दुसरी, आम्ल करणारी पायरी नीट घडत नाहीं. चुना बसविणारी पहिली मात्र घडूं शकते. बुळबुळीत थर वाढतो, त्यावर चुना धरतो, आणि हंगामाच्या मध्यास तोट्या बुजतात. दोन झाडांपैकीं एकास पाणी मिळतें व एकास मिळत नाहीं, हें बागाइतदारास पानें सुकेपर्यंत कळतहि नाहीं.

यावर उपाय वरील नियमांतूनच निघतात :

१. आधीं साधें पाणी, मध्यें खत, आणि शेवटीं पुनः साधें पाणी, असा क्रम ठेवावा. नळी धुऊन निघाल्यावरच मोटर बंद करावी.

२. कॅल्शियम नायट्रेट व स्फुरदाचें किंवा सल्फेटाचें खत एका पिंपांत कधींहि कालवूं नये. पिंपांतच खडा घडतो.

३. नळ्यांचीं टोंकें ठराविक दिवसांनीं उघडून गाळ बाहेर काढावा. बाहेर पडणारें पाणी तळहातावर घेऊन पाहावें. बुळबुळीत लागलें तर जंतूंचा थर वाढला, खरखरीत लागलें तर चुना बसूं लागला असें समजावें.

४. चुना बसला असेल तर आम्लाची प्रक्रिया करावी. नळींतील पाण्याचा सामू चारच्या आसपास येईल इतकें आम्ल सोडून, तें एक दिवस नळींत ठेवून, मग भरपूर पाण्यानें धुवावें. आम्ल नेहमीं पाण्यांत ओतावें, पाणी आम्लांत कधींहि ओतूं नये. हातमोजे व डोळ्यांस चष्मा असल्यावांचून हें काम करूं नये, व मुलांस जवळ येऊं देऊं नये.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

ज्यास हें ऐकून पटत नाहीं त्यानें चार स्वच्छ कांचेच्या बरण्या घ्याव्या. चारींत आपल्या विहिरीचें सारखें पाणी भरावें. पहिलींत कांहीं घालूं नये. दुसरींत चिमूटभर युरिया घालावा. तिसरींत तितकाच युरिया व चमचाभर शेतांतील माती घालावी. चौथींत तितकाच युरिया व चमचाभर माती घालावी, परंतु ती माती आधीं पाण्यांत पुष्कळ वेळ उकळून गार केलेली असावी. तोंडास फडकें बांधून बरण्या आठ-दहा दिवस सांवलींत ठेवाव्या.

पाणी जड असेल तर तिसऱ्या बरणींत अमोनियाचा उग्र वास येईल, व कांचेच्या आंतील अंगास पांढुरकी खर धरेल. त्या खरेवर लिंबाचा रस टाकला असतां फसफस झाली, तर तो चुनाच होय. दुसरींत व चौथींत हा प्रकार मंद किंवा मुळींच दिसणार नाहीं. कारण एकींत जंतु जवळजवळ नाहींत, व दुसरींत ते उकळण्यानें मेलेले आहेत. पहिलींत अन्न नाहीं. अन्न व जंतु एकत्र आले तेथेंच काम झालें, हें मुलांसहि डोळ्यांनीं दिसेल.

हीच लिंबाची परीक्षा शेताच्या मातीस करावी. ढेकळावर रस टाकून फसफसलें तर जमीन चुनखडीची समजावी व माती-पाण्याची तपासणी प्रयोगशाळेंत करून घ्यावी. द्राक्षाची नवी बाग लावण्यापूर्वीं ही तपासणी न करणें म्हणजे सात-बारा न पाहतां जमीन विकत घेणें होय. खड्डा हातभर खालपर्यंत खणून निरनिराळ्या थरांची माती द्यावी; वर काळी व खालीं पांढरी, असें आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं असतें.

एक सावधगिरी

अलीकडे 'चुना खाणारे जंतु' म्हणून बाटल्या विकावयास येतात. जंतु आम्ल सोडतात व चुना थोडा विरघळवितात, हें खरें आहे. परंतु ज्या जमिनींत चुना ढिगानें आहे, तेथें बाटलीभर जंतूंचें आम्ल त्या चुन्यापुढें कितीसें पुरणार ? शिवाय पहिला नियम विसरूं नये. जमिनींत कुजणारा पालापाचोळा नसेल तर बाटलींतील जंतु उपाशी मरतील. तो असेल तर हें काम करणारे जंतु बहुधा मातींत आधींच असतात. म्हणून बाटली घेण्यापूर्वीं उकिरड्याकडे पाहावें. जो पैसा बाटलीस लागतो त्याचें तागाचें बीं आणलें, तर तें अधिक दिवस उपयोगी पडेल.

तात्पर्य, चुनखडी हा जमिनीच्या नशिबाचा भाग आहे. ती शेंकडों पिढ्यांची ठेव असून एका हंगामांत जाणारी नाहीं. तरी ती कोठें बसावी, नळींत कीं खालच्या थरांत, आणि पिकास किती बाधावी, हें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे. कारण जंतूंस काय खाऊं घालावयाचें तें आपण ठरवितों. खत टाकतांना आपण पिकास जेवूं घालतों असें समजतों, परंतु पंक्तीस पहिला बसतो तो जंतु. त्याच्या ताटांत काय पडतें याचा हिशेब ठेवावा, म्हणजे पुढील हंगामांत तोट्या उघड्या राहतील व पानें हिरवीं राहतील.